हार

सोमवार ते शुक्रवार मी गोळ्या मोजते
ब्रॉटी फेरीच्या औषधांच्या दुकानात.
सुट्टीच्या दिवशी धावा.
शिडी चढून धावफलकाच्या पोटात शिरायचं,
खिळ्यांना आकडे अडकवायचे.
आकडे पत्र्याचे, काळ्यावर पांढरे,
दुगाल्ड गेडीसने रंगवलेले.
तो आता अठ्ठ्याहत्तरचा, गुडघे गेलेत,
शिडीच्या पायथ्याशी थर्मास घेऊन बसतो
आणि माझ्या चुका काढतो.

एरवी इथे गाव गावाशी खेळतं.
आज देश खेळतोय. स्कॉटलंड.
समोर ऑस्ट्रेलिया.
आमच्यातले पाच जण आज पहिल्यांदा ती टोपी घालताहेत,
किमतीची चिठ्ठी काढायची राहून गेल्यासारखी
पुन्हा पुन्हा चाचपून बघताहेत.
स्ट्रुअन पेट्री आमच्या गल्लीत टपाल टाकतो.
कप्तान युअन तेवीस वर्षांचा, दातांचा डॉक्टर होणार आहे,
अजून झालेला नाही.
पाहुणे उतरले बसमधून,
तर त्यांच्या पिशव्यासुद्धा आमच्या पोरांपेक्षा रुंद.

पाहुण्यांना आम्ही वाढलं.
आग्रह करकरून वाढलं.
अखूड वाढलं, पायापाशी वाढलं,
आणि नको म्हणायची त्यांना सवय नव्हती.
एक चेंडू कुंपणाबाहेर, कुणाच्यातरी वाळत घातलेल्या चादरीत.
तीनशे तेहतीस झाले तेव्हा माझी पंचाईत झाली:
पेटीत तीनाचे पत्रे दोनच.
इतक्या तीनांची वेळ इथे कधी आलीच नव्हती.
दुगाल्ड खालून ओरडला, आठ घे, डावीकडून बुजव!
काळी चिकटपट्टी लावली, झाला तीन.
(आपल्या आठाला हे जमलं नसतं.
इचलकरंजीच्या शाळेत गिरवलेला तो आठ
कसाही झाकला तरी आठच राहिला असता.)

आमच्या डावात आकड्यांची ददात नव्हती.
शून्य, शून्य, चार, शून्य.
स्लिपमध्ये चौघे उभे, हात पुढे करून,
प्रसादाच्या रांगेतल्यासारखे, आणि प्रसाद मिळत होता.
एकोणीस षटकं, चार चेंडू.
साठ धावा, आठ गडी.

तेवढ्यात समुद्राकडून हार आली.

इथे धुक्याला हार म्हणतात.
पहिल्या वर्षी शेजारीण म्हणाली, आज हार येणार,
तेव्हा मी उगीच दिवसभर धास्तावले होते.
आधी नदीपलीकडचा किनारा गेला,
मग चर्चचं टोक, मग सीमारेषेची दोरी.
वीस षटकं पुरी झाली नाहीत
तर सामना धरतच नाहीत, दुगाल्ड म्हणाला.
दोन चेंडू. फक्त दोन चेंडू कमी पडले
तर ही हार त्या हारेला गिळून टाकेल,
आणि वहीत लिहिलं जाईल: निकाल नाही.

पंच जवळ आले. दिसतंय का, विचारलं असावं.
युअनने पलीकडे पाहिलं,
कारण चेंडू खेळायचा होता स्ट्रुअनला.
पहाटे पाचला याच धुक्यात
दारांवरचे नंबर वाचत फिरणारा स्ट्रुअन.
त्याने खांदे उडवले.
दिसतंय, युअन म्हणाला.
मला ऐकू आलं नाही, पण पंच परत जागेवर गेले.

अरे गाढवा, मी मराठीत म्हणाले.
दुगाल्ड काहीच म्हणाला नाही,
फक्त टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग मैदानही गेलं.
पावलं ऐकू आली, धावत येणारी, लांबून, जड,
आणि एक आवाज.
लाकडाचा.
लाकूड बॅटीतही असतं, यष्टीतही.

एका हातात माझ्या चार, दुसऱ्या हातात नऊ,
दोन्ही पत्रे ओले, गार.
काय झालं गं? खालून दुगाल्ड.
धुक्यात कुणीतरी हसतंय, की खोकतंय,
कुणीतरी पळतंय, पण कुठे ते कळत नाही.
काय झालं?
थांब जरा, म्हटलं.
अजून एक चेंडू आहे.