पिलबाग

दोन हजार सहा साली, सावद्याच्या मंगल कार्यालयात,
चादर ताणून आम्ही पडदा केला.
सिनेमा ‘रावेरचा रुस्तम’. रुस्तम म्हणजे मी.
पोट तेव्हा नव्हतं.
कॅमेरा बेंडाळेंचा, लग्नाचा,
म्हणून ऐन हाणामारीत मध्येच
बदामाच्या आकाराची फुलांची चौकट यायची
आणि तिच्यात माझी मूठ.

केळीच्या दांड्यानं मी बारा गुंड लोळवले.
रक्त म्हणजे कुंकू आणि काकवी;
मेलेले गुंड मुंग्या चावल्या की उठून बसत.
धनराज वारके, एरवी पंक्चर काढणारा साधा माणूस,
खलनायक होऊन तीनदा मेला,
कारण दोनदा त्याला हसू आलं.
शिट्ट्या इतक्या की संवाद कुणाला ऐकूच आले नाहीत.
बरं झालं. संवाद माझे होते.

पुढे एकोणीस वर्षं टपरीवर सांगत राहिलो:
भो, दुसरा भाग म्हणजे उष्टं ताट.
एकदा उकळलेली पत्ती, पुन्हा पाणी घालून.
माणसं माना हलवायची.
चहाचे पैसे बहुतेक मीच द्यायचो.

कोरोनात धनराज खरा मेला.
एकदाच. न हसता.

मग त्याची चेतना आली, हातात जुनी टेप.
बेंडाळेंच्या ट्रंकेत, लग्नांच्या खाली दबलेली.
त्यात आम्ही कापून टाकलेला एक तुकडा:
धनराज पालापाचोळ्यात मरून पडलेला,
मी मिशीवर ताव देतोय,
आणि चौकटीत सहा वर्षांची पोर शिरते,
त्याचा हात ओढते,
“पप्पा, उठा ना. घरी चला.”
मागून माझाच आवाज, “अरे कोणाची पोरगी ही? कट, कट!”

तिचा दुसरा भाग तिथून सुरू होतो.

बारा गुंडांची बारा घरं.
कोणाच्या चुलीवर कळण्याची भाकर,
कोणाची सायकल दाराशी तशीच.
आणि म्हातारा रुस्तम, कोल्ड स्टोरेजचा वॉचमन,
एका संध्याकाळी धनराजच्या ओट्यावर येऊन बसतो.
मी चार पानं संवाद लिहून नेले होते.
ती म्हणाली, “काका, तुम्ही काहीच बोलू नका.
फक्त पाणी प्या.”

तांब्या धनराजच्या घरातला, खरा.
तो तिच्या आईनं पुढे केला.
वहिनींनी आयुष्यात कधी कॅमेऱ्यात पाहिलं नव्हतं,
तेव्हाही पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.
पाणी घशाखाली उतरेना.
मी अभिनय करत नव्हतो, हे मला ठाऊक;
लोक म्हणतात, काय अभिनय केला.

तेच कार्यालय, या वेळी भिंतच पांढरी.
एक शिट्टी नाही.
पंख्याची कुरकुर तेवढी, आणि मागे कुठेतरी
कुणीतरी नाक ओढलं, बहुतेक बेंडाळेंनी.
मी अंधारात खुर्चीचा हात धरून बसलो
आणि एकोणीस वर्षांची टपरी
माझ्या आत हळूच बंद झाली.

केळीवाल्याला हे सांगावं लागू नये खरं तर.
घड उतरला की खोड उभंच तोडतो आम्ही,
कमरेएवढं ठेवतो,
त्यातलं पाणी बुडाच्या पिलाला उतरावं म्हणून.
पिलबागेचा घड कधी हलका भरतो,
कधी काट्यावर असा बसतो
की व्यापारी चष्मा पुसून पुन्हा आकडा बघतो.
सावद्यात जन्मून मी हे विसरलो,
कारण खोड मी होतो.

बाहेर एक पोरगं आलं, “काका, पहिला भाग कुठे भेटीन?”
म्हटलं, सीड्या तीनशे काढल्या होत्या.
दोनशे ऐंशी उरल्या.
फैजपूरच्या रस्त्याला माझ्या भावाचं ज्वारीचं शेत आहे,
तिथे जा, उन्हाच्या वेळी.
दोऱ्यांना टांगल्या आहेत, वाऱ्यानं गरगर फिरतात,
चमकतात.

पाखरं अजून घाबरतात रुस्तमला.