डाव्या कुल्ल्याशी

एर्वान केर्मारेकच्या चड्डीवर
डाव्या कुल्ल्याशी एक हिरवट डाग असायचा.
तीन मोसम नेरुळात संघाचे कपडे धुतले मी.
फॉरवर्डांचे गुडघे मळतात, गोल झाला की लोटांगण घालतात ना.
याचं मळायचं ते घसरून चेंडू काढलेलं अंग.

चौतिसाव्या वर्षी आला. आधी ब्रेस्त, मग कुठे कुठे,
सायप्रसला सहा महिन्यांचा पगार बुडालेला.
बाप ट्रॉलरवर होता, म्हणाला एकदा
सारसोळ्याच्या जेट्टीवर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून.
माझ्या आईने लावलेले निवट्यांचे वाटे बघितले,
बोटांनीच घासाघीस केली,
आणि जिंकला, मेला.

"लोकांना माझा एकच सामना आठवतो,"
मोडक्या हिंदीत, "आपल्याच जाळ्यात मारलेला."
मग बाकीच्या चारशेंत काय झालं?
"काही नाही. काही होऊ नये, त्याचेच पैसे."

शेवटचा सामना, शून्य-शून्य.
ऐंशीव्या मिनिटाला तो दोन पावलं उजवीकडे सरकला.
एवढंच.
समोरचा पोरगा थबकला, मान वर केली,
चेंडू मागे देऊन टाकला.
कुणी टाळी वाजवली नाही.
पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट हातात घेऊन
मी उभाच.

चड्डी त्याने मागितली नाही. लिंबू लावलं, रिठे उकळले.
दोरीवर वाळते आहे.

आई अजून विचारते,
"गेला का रं तो गोरा?
त्याचं ईस रुपये माजेकरं रायलान."