तेरा किलो सातशे

मोइदूकाने सायकल फुकट दिली आणि म्हणाला,
चौगुले, तुझी इंग्रजी बरी,
दुकानाच्या पत्रकासाठी चार ओळी लिही.

मी लिहिलं: वजनाला हलकी, अकरा किलो.
वाऱ्यासारखी पळते.
रोज कामावर जाणाऱ्यांना उत्तम.
खाली माझं नाव आणि 'वीस वर्षांचा अनुभव'.
अनुभव खरा आहे.
वीस वर्षं अजमानमध्ये पंक्चर काढतोय.

अकरा किलो खोक्यावर छापलेलं होतं.
शेजारच्या कांद्याच्या गोदामात
एका रात्री मी ती काट्यावर टाकली:
तेरा किलो सातशे.
स्पोकना दुसऱ्याच महिन्यात तांबूस पुळ्या,
समुद्र इथे रात्रभर लोखंड चाटत बसतो.
पुढचा ब्रेक आठवड्यात सैल.
साखळीत वाळू गेली की
अडकित्त्यात सुपारी फुटावी तशी वाजते.
लिहिताना हे सगळं माहीत होतं.
खाल्ल्या मिठाला जागलो, म्हणू या.

मग मतलूब आला, जुम्म्याच्या नमाजानंतर,
पत्रकाची चौघडी खिशात.
नोआखालीचा. रात्री गाड्या धुतो,
दोन इमारती, मध्ये चार किलोमीटर.
म्हणाला, भाई, पढ के सुनाओ.

आपलं लिहिलेलं आपल्याच तोंडाने
दुसऱ्याच्या भाषेत सांगताना
एकेक शब्द काट्यावर पडतो.
'हलकी' म्हणालो.
त्याने उचलून पाहिली, बोलला काही नाही.
'वाऱ्यासारखी'ला मी अडखळलो.
हवा की तरह?
हवा तो यहाँ सामने से आती है, भाई.
और ब्रेक का क्या लिखा है?

ब्रेकचं काहीच लिहिलं नव्हतं.

गल्ल्यावर मोइदूका नोटा मोजत होता,
मोजायचा थांबला.
मी म्हणालो, राहिलं लिहायचं.
मग सांगितलं सगळं: ब्रेक, स्पोक, साखळी,
कांद्याचा काटासुद्धा.
सांगता सांगता कागद घामाने भिजला,
माझ्या नावाची शाई माझ्याच अंगठ्यावर आली.

तरी त्याने तीच घेतली.
सव्वातीनशे दिरहॅममध्ये दुसरी नव्हती,
आणि पायी चालून चपला झिजत होत्या.
खरं बोललं की समोरचा वाचतो
असं मला उगाचच वाटत होतं.

आता दर शुक्रवारी येतो.
मी ब्रेक आवळतो, पैसे घेत नाही.
साखळीला तेल नाही, मेण लावतो,
तेलाला वाळू धरते.
कॅम्पातले विचारतात, सायकल कशी आहे?
तो सांगतो,
गाड़ी ठीक है. भारी है.
हर जुम्मे को एक आदमी लगता है.

मोइदूकाला म्हटलं, पुढच्या पत्रकावर हेच छाप.
तो हसला. छापलं नाही.
पण गोदामवाल्याने जुना काटा काढला तेव्हा
दहा दिरहॅम देऊन त्यानेच तो विकत घेतला,
दारात ठेवलाय,
कांद्याची सालं अजून चिकटलेली आहेत.