बहात्तर सेकंद

पूर्णेच्या रेल्वे कॉलनीमागं, आमच्या पत्र्याच्या घरापुढं,
आप्पा बशीत चहा ओततात आणि विचारतात,
"मंग? किती पळती म्हनलीस?"
तीनशे, मी म्हणते. तासाला तीनशे.
मोईनचाचा, केबिनवरून रिटायर झालेले, बिडी शोधत हसतात:
"एवढ्यात आपली मिरखेलच्या आउटरला
नुसती उभी असती, बेटा."

मी परभणीला विद्यापीठात माती तपासते.
तीन आठवडे पाठवलं होतं स्पेनला, कोरडवाहू शिकायला;
माद्रिदहून सारागोसा, सव्वा तास.
फलाटावर एकही कुत्रं नाही.
गाडी निघाली तेही कळलं नाही,
खांब मागं सरकला म्हणून कळलं.
समोरच्या बाईनं संत्रं सोललं,
अख्ख्या डब्यात तेवढाच एक वास.

"खिडकी?"
उघडत नाही.
"खडखड?"
नाहीच.
आप्पांनी बशी खाली ठेवली.
"सांधे नसतेल मंग. वेल्डिंगचा रूळ.
तरी उन्हाळ्यात फुगतोच की, लोखंड हाय ते.
बगतं कोन?"

मला माहीत नव्हतं.
मी बघत होते बाहेरची माती:
हिंगोलीच्या अलीकडं असते तशी मुरमाड, तांबूस,
माना टाकलेली सूर्यफुलं, बोडक्या टेकड्या.
मूठभर घेऊन चुरून बघावी असं वाटेपर्यंत
ती कोसभर मागं.
दारावर आकडा हलत होता,
दोनशे अठ्ठ्याण्णव, तीनशे, तीनशे एक,
आणि कुणीच त्याच्याकडं बघत नव्हतं.

आप्पांची बीट सहा किलोमीटर.
एकतीस वर्षं, पहाटे कंदील विझवून निघायचे,
खांद्यावर हातोडा, पाना,
पिशवीत धोक्याचे फटाके आणि भाकर एकाच फडक्यात.
ढिली चावी त्यांना आवाजावरून कळायची.
पाऊल स्लीपरच्या मापाचं झालं होतं,
लग्नाच्या मांडवातसुद्धा तसंच टाकायचे,
आई म्हणायची, सरळ चाला, लोक बघायलेत.

तिथं टिश्यू पेपरवर मी हिशेब मांडला.
सहा किलोमीटर, तीनशेचा वेग.
बहात्तर सेकंद.
त्या बाईचं संत्रं अजून अर्धंही संपलं नव्हतं.

हे आप्पांना सांगायचं नव्हतं.
सांगून बसले.
मोईनचाचांनी काडी ओढली, विझू दिली.
आप्पा बराच वेळ बोटं मोडत राहिले, मग म्हणाले,
"ते नुसतं जायचं झालं.
यायचं बी असतं. अडीच मिनिटं धर."

आणि पुन्हा: "पन बगतं कोन?"

तेव्हा मी एक माणूस रचला.
म्हटलं, दिसला होता की एक, सारागोसाच्या अलीकडं,
जाळीपलीकडं, नारिंगी जाकीट, हातात कायतरी.
खरं तर जाळी होती, झुडपं होती,
आणि काचेत माझंच तोंड.
"उभा व्हता का चालायलता?"
उभा.
"झेंडी?"
दिसली नाही, आप्पा.
"तीनशेनं दिसंल कशी," ते म्हणाले,
"पन त्यानं दावली आसंल."
आणि उरलेला चहा सरळ कपानंच प्याले,
एखादं काम हातावेगळं झाल्यासारखे.

पाचची पॅसेंजर पावणेसहाला गेली.
घर थोडं हललं, पत्रे बोलले,
आप्पांची मान तिरपी झाली.
"पुलाच्या अल्याड एक चावी ढिली हाय."
"तू रिटायर हो ना रे आता," मोईनचाचा म्हणाले,
मग माझ्याकडं वळून, अगदी हळू,
"त्या बाईनं तुला एखादी फोड दिली का नाय?"

दिली, चाचा. दोन दिल्या.
हे मात्र खरं.