भिजतं घोंगडं

दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी
मी कपाटातून घोंगडं काढते,
डांबरगोळ्यांच्या वासासकट,
आणि टबात बुडवते.
चौतीस वर्षं हेच.
पूर्वी गावात माग होते, दरवर्षी नवं कापड यायचं,
ओलं करून, आपटून, दाट करून
बर्फ पडायच्या आत कुणाच्या तरी अंगावर जायचं.
आता माग काचेमागे, शेजारी पाटी,
आणि आम्ही हे एकच बडवतो.
इतकं घट्ट झालंय बिचारं
की त्यातून आता वारा सोडा, अफवासुद्धा पाझरत नाही.

केप ब्रेटनच्या या टोकाला
सभागृह म्हणजे अग्निशमन दलाची शेड.
बंब आज रात्रीपुरता बाहेर, धुक्यात.
आत लांब टेबल, दोन्ही अंगांना माणसं,
लॉबस्टर पकडून चिरलेले हात,
बँकेतले हात, सांधे सुजलेले हात.
आयरिश वस्तीतून फिन्टन कोडी आलाय,
वरच्या खिशात पत्र्याची शिट्टी,
आणि आल्याआल्या त्याचा नि कॅलमचा तोच वाद,
आधी तुमची बोट लागली की आमची.
दोघांच्याही पणज्या उपाशीच उतरल्या होत्या,
एवढ्यावर दरवर्षी चहा होतो.

मग एफी सुरू करते.
एफी, रोरीची, म्हणजे लंगड्या लॉकलनच्या रोरीची;
इथे आडनावानं हाक मारली
तर अर्धं गाव वळून बघतं.
वय एक्क्याण्णव. आवाज म्हणजे
बिजागरी गंजलेलं दार,
पण ते दार उघडतं.
गाणं गेलिकमधलं, बोटीबद्दल आहे,
किंवा बोटीतून गेलेल्या कुणाबद्दल;
आमच्यातल्या निम्म्यांना अर्थ लागत नाही,
ध्रुवपद मात्र सगळ्यांना येतं.
धप्प. धप्प. घोंगडं हातोहात
डावीकडे सरकतं,
पाणी बाह्यांत शिरतं.

चौथ्या कडव्याशी एफी थांबली.
ओठ हलले. पुढे काही नाही.
हात कुणी थांबवले नाहीत.
हात थांबले की गाणं पडतं, हे पोरांनाही ठाऊक.
धप्प. धप्प.
नुसते हात चाललेले, शब्दांवाचून,
किती वेळ, कोण जाणे.
फिन्टन टेबलाकडे बघत राहिला.
मला चहाचा गॅस आठवला. मी उठले नाही.

आणि टोकाला बसलेली मोरना बीटन,
पेट्रोल पंपावरची, एकोणीस वर्षांची,
नखांवर निळा रंग,
तिनं ते कडवं उचललं.
मान खाली घालून, जरा घाईनं.
तिसऱ्या ओळीत ती अडली, एक क्षण,
घास अडकावा तशी,
आणि पुढे गेली.
एफीचे हात हवेतच राहिले.
पुढच्या फेरीला तीच ओळ, तीच अडखळ,
आणि त्या रिकाम्या जागेत
एफीनं तळहात आपटला
असा, की कपातले चमचे वाजले.

नंतर मोरीपाशी, बशा पुसताना, एफी म्हणाली,
"पोरगी ते टेपवरून शिकलीय.
एकाहत्तर साली विद्यापीठाची माणसं आली होती,
आमच्या स्वयंपाकघरात हेक्टर गायला होता.
खाणीतून आलेला, आंघोळ न करता.
त्या ओळीत त्याला खोकला आला.
तिला वाटलंय, ती चालच आहे."
आणि हसली; मग बराच वेळ
एकच बशी पुसत राहिली.
मी विचारलं, "सांगू तिला?"
"खबरदार," म्हणाली.

सगळे गेल्यावर मी घोंगडं पिळायला घेतलं.
एकटीच्यानं पिळलं जात नाही ते.
मोरना गाडीची किल्ली दातात धरून आली,
दुसरं टोक पकडलं.
बंबाच्या शिडीवर आम्ही ते टाकलं,
दोन्ही बाजूंनी टपटपत.
ती ध्रुवपद पुटपुटत गाडीकडे गेली.
पुढच्या ऑगस्टपर्यंत वाळेल, असं म्हणतात.
मी काही खात्री देत नाही.