आठे, तठे

ज्या वर्षी बाबांना सुईचं नेढं दिसेनासं झालं
त्या वर्षी त्यांनी मशीन टेबलाच्या पोटात झोपवलं.
वर फळी सपाट झाली.
तिच्यावर मी मॉनिटर ठेवला,
डाव्या अंगाला डॉक, साबणाच्या वडीएवढा,
आणि त्याला एका वायरीने बांधलेला लॅपटॉप,
झाकण मिटून, वहीसारखा उभा.

बाबा म्हणाले, मिटलाय तर चालतो कसा?
मी सेटिंग दाखवलं :
झाकण मिटल्यावर – काहीही करू नका.
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोनदा वाचलं.
"चांगलं शे," म्हणाले.
दुपारी तेही तसेच खाटेवर, डोळे मिटून,
गल्लीतली प्रत्येक सायकल आवाजावरून ओळखत.

पहिल्याच दिवशी गळ्यातली टेप काढली होती.
किती म्हणे? चोवीस इंची.
रुंदी भरली एकवीसला एक सूत कमी.
"तीन इंच खाल्ले त्यानं!"
आणि धुळ्याच्या दुकानाचा नंबर शोधायला लागले.
मी टेप खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यात तिरपी धरली.
चोवीस. बरोब्बर.
"उरेबमधी मोजतस?"
पुढे आठवडाभर, अमळनेरात जो भेटेल त्याला
हे सांगत होते.

महिनाअखेरीला झाकण उघडावं लागतं.
हडपसरच्या कंपनीचे नऊशे पहारेकरी,
त्यांच्या रात्रपाळ्या, त्यांचे खाडे.
आठे हजेरी, तठे पगार,
आणि मधल्या काठावरून बाण सरकतो,
दार नाही, उंबरा नाही, ठेच नाही.
सुरुवातीला तो उजवीकडून बाहेर पडायचा
आणि डावीकडून घरात यायचा.
मी वैतागून केबल बदलायला निघाले होते.
बाबा मागे उभे. म्हणाले,
"बाह्या उलट्या लागल्यात, वैजू."
सेटिंगात दोन चौकोन होते, एक आणि दोन.
एक उचलून दोनच्या पलीकडे ठेवला.
खरंच, तेवढंच होतं.

मे महिन्यात लॅपटॉपचा पंखा घरघरतो, छताचा कुरकुरतो,
पंचेचाळीसच्या वर दोघांचंही काही चालत नाही.
तेव्हा माझे पाय नकळत पायडलवर जातात.
वादी काढलेली आहे.
चाक मोकळंच फिरतं, वारा येतो असं वाटतं,
आणि बाबा खाटेवरून, डोळे न उघडता :
"सावकाश. दोरा तुटी जाई."

मार्चअखेर ऑफिसने बोलावलं.
वायर एकच, खट्कन सुटली.
रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणे, सकाळी थेट मीटिंग.
हजेरीचा तक्ता उघडेना.
म्हणजे उघडा होता, खालच्या पट्टीवर उजळलेला,
दिसत मात्र नव्हता.
तो तठे होता,
जो पडदा इथे नव्हताच त्याच्यावर.
बाण उजव्या काठाला नेला, ढकलला,
पुन्हा ढकलला. काठ म्हणजे काठ.
केळुसकर मॅडम पेनाचं टोपण लावत होत्या, काढत होत्या.

बाहेर येऊन घरी फोन लावला,
उपयोग नाही हे माहीत असून.
बाबा, टेबलावर बघा. काही दिसतंय?
खाट करकरली. चष्मा शोधल्याचा आवाज.
"काय बी नही. काळं शे."
मग जरा वेळाने,
"मी दिसस."

मी काही बोलले नाही.
त्यांनीही फोन ठेवला नाही. मागे सायकल गेली एक.
"जगन शे," ते म्हणाले. "घंटी नही त्याना सायकलले."

आत जाऊन तीन कळा एकदम दाबल्या
आणि खिडकी ओढून आणली.
ती आली चोवीसच्या मापाची,
या छोट्या पडद्यावर मावेना.
कडेचे दोन रकाने बाहेर राहिले.
मी ते दाबात सोडले.