रकाना नऊ

रकाना नऊ : काम कशामुळे गेले.
पुढे चार चौकोन. निवृत्ती. राजीनामा.
गैरवर्तन. इतर.
इतरच्या पुढे रेघ, तीही बोटभर.

बोटभर रेघेत कसं मावणार, साहेब,
सोळा नंबरच्या मागावर एकवीस वर्षं,
वितळत्या दाण्याचा वास, जो आंघोळीनंतरही
कानामागे राहायचा आणि इंदू म्हणायची,
आला कारखाना घरी.

मे महिन्यात पत्र्याखाली आम्ही
बनियन पिळून पुन्हा घालायचो.
निळी नळी, पिवळी नळी, मधून एक लाल,
मोर काढायचा तर दोनशे बारा काड्या.
उडला कधी नाही आमचा मोर, पण विकला जायचा
पार गुवाहाटीपर्यंत.

मग बाजारात एक चटई आली.
उखर्डू बडगुजरने ती उलटी करून पाहिली,
नखाने किनार उचकटली, वास घेतला,
पायलीभर शिव्या दिल्या आणि शेवटी म्हणाला,
"माल चांगला शे भो."
त्या दिवशी डबा कुणी पुरता खाल्ला नाही.

आधी रात्रपाळी गेली. मग दुपारची.
मग माग गेले, भंगारात, किलोवर.
सोळा नंबर ट्रकवर चढवायला मीच हात लावला.
त्याच्या डाव्या दांड्यावर
माझ्या तळहाताने आलेली चकाकी होती,
तीही वजनात धरली.

आता योजना आली आहे :
आयातीमुळे बाधित कामगार.
बाधित हा शब्द मी आजवर
भुताच्या नाहीतर पुराच्या नावाने ऐकलेला.
नव्वद दिवस प्रशिक्षण, मोबाइल दुरुस्ती,
दिवसाला भत्ता, आणि त्याआधी मालकाचं पत्र
की कारखाना परदेशी मालाने बंद पडला.

पत्रासाठी गेलो. अजिंठा चौफुलीपुढची तीच शेड,
रंग नवा. आत माग नाहीत, म्हणून पाऊल मोठं वाजतं.
छतापर्यंत गठ्ठे, त्यांवर मला न लागणारी अक्षरं.
शेठने खुर्ची दिली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.
म्हणाले, "सुपडू, मी कसं लिहू हे?
मीच तर आणतो आता."
खोटं बोलत नव्हते. बघत मात्र चहाकडे होते.
मग म्हणाले, "गाडी उतरवायला माणसं लागतात. येशील?"

सलीम तडवीने वाट शोधली : पत्र नाही तर प्रतिज्ञापत्र.
मी, सुपडू झिपा सोनवणे, वय अठ्ठेचाळीस,
राहणार जळगाव, शपथेवर लिहून देतो की
माझं काम समुद्रावरून आलेल्या चटईने गुंडाळून नेलं.
नोटरी थांबला. असं नाही लिहीत, म्हणाला.
मग त्याने त्याच्या भाषेत लिहिलं, मी सही केली.
अर्जातल्या बोटभर रेघेवर मात्र
मी नुसतं "चटई" लिहिलं.

रकाना चौदा : सध्या काही काम करता का?
"नाही"वर खूण केली. हात थरथरला नाही.
रात्री दोनपर्यंत चाळीस फुटी गाडी उतरवून
त्याचं थरथरून झालं होतं.

मोबाइलचा स्क्रू तांदळाच्या कणीएवढा.
शिकवणारा विशीतला, गोड पोरगा, म्हणतो,
काका, बोटं हलकी ठेवा.
उखर्डू आपली बोटं उजेडात धरतो,
दुसऱ्या कुणाची असावीत तशी.
"आते काय करानं भो, या ते दोरखंडं शेतस."
पोरगा हसतो, आम्हीही.
आम्ही बसलोय ती चटई कुठली,
हे तिघांनीही पहिल्याच दिवशी किनार चाचपून पाहिलंय.
बोललं कुणी नाही.

काल रात्री डोक्यावर गठ्ठा, दोन्ही हात वर,
आणि खिशात फोन थरथरला. दोनदा.
भत्ता पडला असेल.
किंवा रिचार्ज संपल्याचा निरोप.
गठ्ठ्यातून तोच वास येत होता, कानामागचा.
ट्रकपासून थप्पीपर्यंत बावीस पावलं.
मी तेरावर होतो.